लेपाचे अदृष्ट

तोंडावाटे जे पोटात जाते त्याचा हिशेब मनुष्य फार काटेकोरपणे ठेवीत आला आहे. एकादशीला काय चालते आणि काय चालत नाही, चातुर्मासात कांदा-वांगे कधी सोडावयाचे, वैद्याने दिलेली पुडी मधातून घ्यावयाची की कोमट पाण्यातून, इथपर्यंतचा सारा विचार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सूक्ष्मपणे झालेला आहे; परंतु अंगाला जे लावावयाचे त्याविषयी आपण जवळजवळ बेहिशेबी असतो. रोजच्या गोळ्या किती आणि कोणत्या हे घरातील म्हातारी माणसेसुद्धा बोटांवर मोजून सांगतात, पण मलमाच्या ट्यूबा किती संपल्या असे विचारले तर चांगले शिकलेले गृहस्थही गोंधळून जातात. ‘वरून तर लावायचंय, त्यानं काय होतंय?’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यामागे देहाविषयीचे एक अलिखित तत्त्वज्ञान दडलेले आहे याची बोलणाऱ्यालाही जाणीव नसते. त्या तत्त्वज्ञानाप्रमाणे मी आत राहतो आणि कातडी ही माझ्या मुलखाची सरहद्द आहे. सरहद्दीवर जे घडते ते सरहद्दीवरच मिटते.

आश्चर्य असे की, ही समजूत आपल्या परंपरेशी मुळीच जुळत नाही. स्नानाने देहाबरोबर मनही शुद्ध होते, भस्म, चंदन आणि गंध यांच्या लेपनाने अंतःकरणाला काही पोचते, न्यासाच्या वेळी अवयवाला केलेला स्पर्श देवतेला त्या ठिकाणी आणून बसवितो, असे मानणारा हा समाज आहे. एवढेच नव्हे, तर स्पर्श आत शिरतो या कल्पनेचा अतिरेक करून कोट्यवधी माणसांना अस्पृश्य ठरविण्याचे, आणि ते शतकानुशतके चालू ठेवण्याचे, घोर पापही याच समाजाने केले. जेथे स्पर्शाने काहीही होत नव्हते तेथे आपण तो भयंकर मानला, आणि जेथे त्याने खरोखर काही होते तेथे तो निरुपद्रवी मानून मोकळे झालो. सुश्रुताने तर सूत्रस्थानात त्वचेच्या ठिकाणी भ्राजक नावाचा अग्नी सांगितला आहे आणि अभ्यंग, परिषेक, अवगाह, लेप यांवाटे जी द्रव्ये अंगाला लागतात त्यांचे पचन करणे हे त्याचे काम म्हणून नेमून दिले आहे. यावरून आजचे रसायनशास्त्र सुश्रुताला अवगत होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि तसे म्हणण्याची मला इच्छाही नाही. परंतु त्वचेला लावलेले द्रव्य हे एका अर्थाने भक्षण केलेले द्रव्य आहे, एवढी गोष्ट त्याने निःसंशय ओळखली होती, आणि ती आपण विसरलो.

हे विसरणे किती महाग पडते याचे उदाहरण म्हणून मी स्टेरॉइडयुक्त मलमांचा विषय घेतो. कारण त्यात वैद्यकाइतकाच एक जुना दार्शनिक प्रश्नही गुंतलेला आहे. कर्म एका जागी घडते आणि त्याचे फळ दुसऱ्या जागी, दुसऱ्या रूपाने आणि फार उशिरा उगवते. मधल्या काळात ते फळ कोठे असते, आणि उगवल्यावर ते कोणाच्या नावावर मांडावयाचे?

या औषधांचा जन्म मोठ्या आनंदात झाला. १९४८ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडून गेलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची इंजेक्शने दिली आणि जिला अंथरुणातून हलणेही कठीण होते ती काही दिवसांतच हिंडूफिरू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या दोघा त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोनचा लेप त्वचेच्या दाहावर गुणकारी ठरतो असे दाखवून दिले, आणि पुढील दोन दशकांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांसारखी, मूळ द्रव्यापेक्षा शेकडो पटींनी प्रखर अशी अपत्ये त्या घराण्यात जन्माला आली. इसब, सोरायसिस, पेम्फिगस यांनी गांजलेल्या माणसांचे त्यापूर्वीचे हाल ज्यांनी वाचले आहेत, डांबराचे लेप आणि ओल्या पट्ट्या यांत ज्यांची वर्षे गेली त्यांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शोधाविषयी कृतज्ञताच वाटेल. मलाही ती वाटते, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते या कृतज्ञतेला बाधा न आणता लिहावयाचे आहे.

आता देहाच्या आतील व्यवस्था पाहावी. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली, वजनाला जेमतेम चार-पाच ग्रॅम भरणारी अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचा स्राव तयार करते. रक्तदाब टिकविणे, उपासात रक्तातील साखर सावरणे, ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या धक्क्यातून देहाला तारून नेणे, ही त्याची कामे. या ग्रंथीला स्वतःचा अखत्यार फारसा नाही. जुन्या राज्यकारभारात जसा हुजुरातून हुकूम सुटावा, तो सुभेदाराने पुढे पाठवावा आणि महालाच्या कमाविसदाराने त्याबरहुकूम वसुलाचा भरणा करावा, तसा मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पोषग्रंथीला आज्ञा करतो, पोषग्रंथी अधिवृक्काला करते, आणि खजिन्यात भरणा किती झाला हे पाहून हुजुरातून पुढील हुकूम निघतो अथवा थांबतो. बाहेरून कोणी परस्पर खजिन्यात रोज रक्कम टाकू लागले तर हुजूर स्वस्थ बसते, हुकूम सुटत नाहीत, महालातील कचेरी ओस पडते, आणि काही महिन्यांनी तेथील कारकूनही पांगतात. त्वचेतून झिरपलेल्या स्टेरॉइडने नेमके हेच होते. ग्रंथी आळसावते, मग आक्रसते. आणि या अवस्थेत बाहेरचा पुरवठा एकाएकी तुटला, किंवा न्यूमोनियासारखे संकट आले, तर मदतीची हाक ऐकणारे आत कोणी उरलेले नसते. रोगी निपचित पडतो, रक्तदाब कोसळतो, आणि वेळीच ध्यानात आले नाही तर मृत्यूही येतो.

झिरपते तरी किती, असा प्रश्न स्वाभाविक आहे. क्लोबेटासॉलचे नेहमीचे मलम शेकडा ०.०५ तीव्रतेचे असते. म्हणजे दोन ग्रॅम मलमात औषध एक मिलिग्रॅम. रोज अवघे दोन ग्रॅम मलम लावल्यानेही अधिवृक्काचे काम दबू शकते, असा इशारा या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच दिलेला असतो आणि आठवड्याला ५० ग्रॅम व सलग दोन आठवडे ही मर्यादाही तेथेच घालून दिलेली असते. त्यातही कातडी सर्वत्र सारखी नाही. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोन अंगाच्या निरनिराळ्या भागांवर लावून मोजमाप केले, तेव्हा हाताच्या पुढील भागातून जितके शोषले जाते ते प्रमाण एक धरले, तर तळपायातून त्याच्या सातव्या हिश्शाइतके, कपाळातून सहापट, जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट आणि वृषणाच्या त्वचेतून बेचाळीसपट शोषले जाते असे आढळले. त्यावर कापडाचे वा प्लास्टिकचे घट्ट झाकण बसले, किंवा रोगाने कातडीचे कवच आधीच फाटलेले असले, म्हणजे हे प्रमाण आणखी वाढते. सरहद्दीची कल्पना येथेच कोसळते. कारण जेथे आजार आहे, म्हणजे जेथे मलम लावावयाचे आहे, तेथेच वेस मोडलेली आहे.

याचे सर्वांत करुण रूप तान्ह्या मुलांत दिसते. लंगोटाच्या जागी बाळाची कातडी लाल होते. शेजारीण किंवा दुकानदार एक ट्यूब सुचवितो. दोन दिवसांत लाली जाते, बाळ शांत झोपते, आणि घरच्यांचा त्या ट्यूबवर विश्वास बसतो. पुन्हा लाली, पुन्हा मलम. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसाच्या अडीच-तीनपट असते, आणि डायपर ही तर आयती बसविलेली घट्ट पट्टीच. दोन-तीन महिन्यांत बाळाचे गाल भरू लागतात, हनुवटीखाली वळ्या पडतात, चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा होतो, आणि घरात येणारी-जाणारी माणसे ‘कसं गुटगुटीत झालंय!’ म्हणून कौतुक करतात. आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. गालांवर आणि कपाळावर बारीक लव वाढते, तीही कोणाच्या ध्यानात येत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे लसीसाठी नेल्यावर तो वजनाचा काटा पाहतो, मग फूटपट्टी पाहतो, आणि त्याचा चेहरा गंभीर होतो. कारण वजन वाढले आहे आणि लांबी थांबली आहे. खाण्यापिण्याने धष्टपुष्ट झालेले मूल सहसा उंचीलाही वाढते. हे मूल मात्र नुसते रुंदावले आहे. मग रक्तदाब मोजला जातो, सकाळी आठ वाजता रक्त काढून कॉर्टिसॉल तपासले जाते, आणि ते जवळजवळ नाहीसे झाल्याचे कळते. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली पोषग्रंथीच्या विकाराचा परिणाम म्हणून ज्या लक्षणसमूहाचे वर्णन केले, तोच येथे कोणत्याही ग्रंथीचा मूळ दोष नसताना, निव्वळ मायेने लावलेल्या मलमातून उत्पन्न झालेला असतो.

या दृश्यापुढे मीमांसकांचा एक विचार मला पुनःपुन्हा आठवतो. यज्ञ आज होतो आणि संपतो. स्वर्ग मिळावयाचा तो देहपातानंतर. जे कर्म क्षणात नष्ट झाले ते इतक्या काळानंतर फळ कसे देणार? या अडचणीतून वाट काढण्यासाठी त्यांनी कर्म आणि फळ यांच्यामध्ये अपूर्व नावाची एक न दिसणारी शक्ती कल्पिली. नैयायिकांनी अशाच शक्तीला अदृष्ट म्हटले आणि ते आत्म्याच्या ठायी ठेवले. जैनांनी तर त्याहून धीट पाऊल टाकून कर्म हे सूक्ष्म पुद्गल आहे, ते आत वाहत येते, चिकटते आणि यथाकाल उदयाला येते, असे प्रतिपादन केले. लहानपणापासून हे सारे मला केवळ परलोकाच्या सोयीसाठी रचलेले वाटत असे. परंतु १९६३ साली व्हिकर्स यांनी केलेला एक प्रयोग वाचल्यावर या विचाराकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. त्यांनी त्वचेला स्टेरॉइड लावून वर पट्टी बांधली. पट्टी काढल्यावर औषधाचा दृश्य परिणाम, म्हणजे कातडी फिकट पडणे, ओसरला. नंतर, बरेच दिवस उलटल्यावर, नवे औषध अजिबात न लावता त्याच जागी नुसती पट्टी बांधली, आणि कातडी पुन्हा फिकट पडली. औषध गेले नव्हते. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत समजल्या जाणाऱ्या शृंगस्तरात ते साठून राहिले होते आणि अनुकूल परिस्थितीची वाट पाहत होते. कर्म संपल्यासारखे दिसावे आणि त्याचा संचय देहातच कोठेतरी शिल्लक असावा, ही गोष्ट येथे श्रद्धेची उरली नाही. ती डोळ्यांनी पाहता आली. मोठ्या मुदतीचे संचय याहूनही सावकाश उदयाला येतात. डेन्मार्कमधील नोंदींच्या आधारे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोमेटासोनच्या मानाने हिशेब करून ५०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रखर मलम ज्यांनी आयुष्यात वापरले होते, त्यांच्यात हाडे ठिसूळ होण्याचे आणि मोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसून आले. पाचशे ग्रॅम म्हणजे तीस ग्रॅमच्या सतरा ट्यूबा. जुनाट सोरायसिसच्या माणसाला तेवढ्या संपवावयास फार वर्षे लागत नाहीत. कोपरावर लावलेल्या मलमाचे फळ मांडीच्या हाडात उगवावे, याहून अदृष्टाचे अधिक स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

आणि येथूनच प्रश्नाचा नैतिक भाग सुरू होतो. आपल्याकडे कर्मसिद्धान्ताचा उपयोग फार वेळा दुःखी माणसाला गप्प बसविण्यासाठी झाला आहे. ज्याच्या वाट्याला भोग आला त्याचेच ते कर्म, असे म्हटले की इतर सर्वांचे हात आपोआप धुतले जातात. कोडाने, कुष्ठाने, इसबाने पीडित माणसाच्या कातडीकडे पाहून त्याच्या पूर्वजन्माचा निवाडा करणारी जीभ आजही बंद झालेली नाही. आणि मलमाच्या दुष्परिणामांनी आजारी पडलेल्या माणसाला ‘तुम्हीच मनाने लावत बसलात’ असे सुनावणारी सुशिक्षित जीभ तिचीच सख्खी बहीण आहे. पण न्यायशास्त्राने कर्ता कोणाला म्हणावे याचा जो विचार केला आहे तो असा फैसला मान्य करणार नाही. त्या शास्त्राच्या मते कर्तृत्व येते ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर: ज्या साधनांनी कार्य घडावयाचे त्यांचे ज्ञान, ते करण्याची इच्छा, आणि प्रत्यक्ष प्रयत्न. मलम चोळणाऱ्या बोटाकडे तिसरी गोष्ट आहे. दुसरीही अंशतः आहे, म्हणजे खाज थांबावी एवढी इच्छा आहे. पहिली गोष्ट, ज्ञान, त्याच्याकडे नाही. ते ज्याच्याकडे होते त्याने ते दिले नाही. तेव्हा त्या कर्माचा खातेदार कोण, याचा शोध घेण्यासाठी ते ज्ञान कोणाकोणाच्या हातातून निसटले, हे पाहावे लागेल.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने अंग कोरडे राहत नाही. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नायटा धरतो आणि एकाला झाला की घरातील पंचा-टॉवेलावरून सगळ्यांना होतो. रोजावर काम करणारा मनुष्य डॉक्टरकडे जाऊन दिवसाची मजुरी आणि तपासणीची फी दोन्ही घालविण्याऐवजी औषधाच्या दुकानात उभा राहून ‘खाजेची क्रीम द्या’ म्हणतो, आणि त्याला जी ट्यूब मिळते तिच्यात अनेकदा बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि क्लोबेटासॉल अशी तिघांची मोट बांधलेली असते. स्टेरॉइडमुळे खाज त्याच रात्री थांबते. बुरशी मात्र आपल्या शत्रूचे पहारे उठल्यामुळे पसरत जाते आणि तिचे रूपही असे बदलते की पुढे तज्ज्ञालाही ओळखणे कठीण व्हावे. मग तीच ट्यूब पुन्हा, आणि तीही देहाच्या अशा जागी, जेथील कातडी सर्वांत अधिक शोषून घेते. या माणसाला आपण स्टेरॉइड वापरतो आहोत हेच ठाऊक नसते. दुकानदाराला ते ठाऊक असते. तिघांची मोट बांधणाऱ्या कारखानदाराला तर, तशी बांधण्याला शास्त्राचा आधार नाही आणि ती खपते म्हणूनच बांधली आहे, हेही ठाऊक असते.

चेहऱ्याच्या बाबतीत तर इच्छासुद्धा उसनी असते. गोरेपणासाठी म्हणून ज्या क्रीम मुली लावतात त्यांपैकी कित्येकांत मोमेटासोन किंवा त्याहून प्रखर स्टेरॉइड असते. देशातील १२ केंद्रांत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते. प्रथम कांती उजळते, मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लव वाढते, आणि मलम थांबविले की चेहरा इतका भडकतो की ते पुन्हा लावल्यावाचून गत्यंतर राहत नाही. चेहऱ्यावर लागणारे प्रमाण लहान असल्यामुळे अधिवृक्कापर्यंत पोचणारा उपद्रव येथे कमी, हे मान्य केले पाहिजे. पण पापण्यांच्या आसपास लावलेले मलम डोळ्यातील दाब वाढवून काचबिंदू आणू शकते आणि तो दृष्टी घेऊन जातो. अशा मुलीला दोष देण्यापूर्वी लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द पैसे भरून कोणी छापविला, पाहण्याच्या कार्यक्रमात तिच्या हाताचा रंग कोणी निरखला, याची उलटतपासणी व्हावयास हवी. न्यायशास्त्राच्या तीन अटींपैकी ज्ञान तिच्याजवळ नव्हते आणि इच्छा तिच्यात आम्ही पेरली. उरला प्रयत्न; तेवढा तिचा.

सरकार या साखळीच्या बाहेर नाही. स्टेरॉइडची पोटात घेण्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा दंडक असतानाही लावण्याच्या औषधांना कायद्याच्या अनुसूचीतच एक सवलत ठेवलेली होती. ‘वरून लावायचे’ या समजुतीला कायद्यानेच आपला शिक्का मारून ठेवला होता म्हणा ना. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे फिर्याद केल्यावर २०१८ साली १४ स्टेरॉइडांच्या बाबतीत ती सवलत काढून घेण्यात आली. हुकूम योग्य निघाला. त्याची बजावणी प्रत्येक पेठेतील प्रत्येक दुकानात होते आहे असे कोणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

इतके लिहिल्यावर मला दुसऱ्या बाजूची काळजी वाटते. भय हेही अज्ञानाचेच एक रूप आहे. ज्या मुलाला इसबाने रात्र-रात्र झोप नाही, जे खाजवून-खाजवून चादर रक्ताने डागाळून टाकते, त्याच्या आईने ‘स्टेरॉइड’ हा शब्द वाचून डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलम कपाटात ठेवून द्यावे, ही अहिंसा नव्हे. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीपुरते लावलेले हायड्रोकॉर्टिझोन कोट्यवधी मुलांना सुखाची झोप देत आले आहे आणि त्यांच्या ग्रंथींना त्याने धक्काही लागलेला नाही. बोटाच्या अखेरच्या पेरावर ओढलेली मलमाची एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला ती पुरते. एवढे साधे माप माहीत असले तरी पुष्कळ अनर्थ टळतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी मोहाने केलेला त्याग तामस आणि देहाला क्लेश होतील या भयाने केलेला राजस ठरविला आहे. महिनोन्‌महिने प्रखर मलम वापरलेल्या माणसाने कोठेतरी काही वाचून ते एका रात्रीत फेकून दिले, तर त्याचा त्याग या दोहोंपैकीच एक होय, आणि त्याचे फळ अधिवृक्काच्या रिकाम्या कचेरीत त्याची वाट पाहत असते. ओस पडलेली कचेरी पुन्हा भरावयास आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षाहून अधिक. तोपर्यंत पुरवठा पायरीपायरीने कमी करावा लागतो आणि काहींना मधल्या काळात पोटातून हायड्रोकॉर्टिझोन द्यावे लागते. सोडण्यालाही विवेक लागतो, आणि तो घेण्यापेक्षा अधिक लागतो.

चरकसंहितेच्या निदानस्थानात शुद्ध चिकित्सेची एक व्याख्या आहे: जो प्रयोग एक व्याधी शमवितो पण दुसरी उठवितो तो शुद्ध नव्हे, जो शमवितो आणि काहीही प्रकोप होऊ देत नाही तोच शुद्ध. ही कसोटी फार कठोर आहे, आणि द्रव्यांना लावली तर आजच्या औषधालयातील थोडीच द्रव्ये तिला उतरतील. जुन्या औषधालयातीलही फार उतरणार नाहीत, पाऱ्याची आणि सोमलाची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. परंतु चरकाने शुद्धता द्रव्याकडे मागितलेली नाही. ती प्रयोगाकडे, म्हणजे ज्याने ते द्रव्य कोणाला, किती, कोठे आणि किती दिवस द्यावयाचे हे ठरविले त्याच्याकडे, मागितली आहे. कर्मसिद्धान्ताचा जो अर्थ मला स्वीकारार्ह वाटतो तो हाच. भोगणाऱ्याच्या पूर्वजन्मात शिरून त्याचा अपराध शोधण्याऐवजी, ज्याला फळ आधीच दिसत होते त्याला जाब विचारण्याचे सामर्थ्य ज्या सिद्धान्तात आहे, तोच धर्म म्हणून घेण्याच्या योग्यतेचा आहे. लिहून देणाऱ्या डॉक्टराने मुदत तोंडाने सांगितली नाही, चिठ्ठीवर ‘पुन्हा देऊ नये’ असे लिहिले नाही, तर बाळाच्या थांबलेल्या उंचीत त्याचा हिस्सा आहे. चिठ्ठी न मागता ट्यूब देणाऱ्याचा आहे. आणि ज्यांना हे ठाऊक झाले व ज्यांनी शेजारच्या घरात सांगितले नाही, त्यांचाही आहे.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आज घरातील मलमाच्या ट्यूबा एकत्र काढाव्यात आणि त्यांवरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आढळले, किंवा वेष्टनावर लाल उभी रेघ दिसली, तर ती ट्यूब कोणी, कशासाठी आणि किती दिवस लावली हे कागदावर टिपून ठेवावे. ती एकाएकी टाकून देऊ नये आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून पुन्हा आणूही नये. तो कागद घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, कोणाला मोठा ताप असेल, किंवा एखाद्या बाळाचे वजन वाढून लांबी थांबली असेल, तर मलमाची गोष्ट त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावी. सकाळी आठच्या सुमारास काढलेल्या थोड्याशा रक्तावरून तपासाला सुरुवात होऊ शकते.